इस्त्रीखालची गोधडी

पेटचा निकाल लागला की बहुतेकांना एकच धास्ती असते: विषय. "सर, माझा विषय फार छोटा वाटतोय, चालेल का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय (आणि मी अजून कुणाचा सर झालेलोही नाही) की आज एका अगदी छोट्या वस्तूचा इतिहास सांगायचं ठरवलं. वस्तू म्हणजे इस्त्री नव्हे. इस्त्रीच्या खाली जे अंथरलेलं असतं ते.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो, कारण तो ग्रंथालयातून आलेला नाही. मी एमएस्सी केलं सेंद्रिय रसायनशास्त्रात आणि आता काम करतो घरगुती कापडाच्या निगेच्या इतिहासावर. माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: 'ग्रामीण महाराष्ट्रात गोधडीला इस्त्री केली जात नसे, कारण इस्त्री परवडत नसे.' वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. मार्गदर्शक मॅडमनी त्याच्याखाली रेघ ओढून एकच शब्द लिहिला: "कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे ते वाक्य मी कुठून तरी वाचून लिहिलं नव्हतं, कुणाला विचारूनही लिहिलं नव्हतं. ते 'असणारच' या भरवशावर लिहिलं होतं.

त्याच महिन्यात कोपरखैरणेच्या घरी आईने पॅचवर्क शिवायला घेतलं. पारंपरिक गोधडी नव्हे. मापात कापलेले चौकोन-त्रिकोण एकमेकांना जोडून नक्षी करायची, मग त्याखाली कापूस आणि अस्तर घालून टाके घालायचे, ते क्विल्टिंग. दोन दिवसांत तिची फर्माईश आली, "मला इस्त्रीसाठी एक रुंद पाट करून दे. त्या निमुळत्या स्टँडवर काही होत नाही." मी म्हटलं, इस्त्री ती इस्त्री, रुंद काय आणि निमुळतं काय! हे दुसरं वाक्यही 'कशावरून?'च्याच लायकीचं होतं.

पॅचवर्कमध्ये इस्त्री शेवटी करायची नसते, प्रत्येक शिवणीनंतर करायची असते. दोन तुकडे जोडताना कडेपासून पाव इंच, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर कापड शिवणीत जातं. शिवण नीट दाबून बसवली नाही तर घडीत आणखी थोडं कापड अडकून राहतं. समजा प्रत्येक शिवणीत एक मिलिमीटर अडकलं. एका ओळीत आठ तुकडे असतील तर सात शिवणी, म्हणजे सात मिलिमीटर गेले. शेजारच्या ओळीत चारच तुकडे असतील तर तीन मिलिमीटर. दोन ओळी जोडायला घेतल्या की चार मिलिमीटरचा फरक, आणि कोपरे काही केल्या जुळत नाहीत. शिवाय तिरक्या कापलेल्या तुकड्यावर इस्त्री फिरवली तर कापड ताणलं जातं, चौकोनाचा पतंग होतो. म्हणून तिथे इस्त्री फिरवत नाहीत. ठेवतात, दाबतात, उचलतात, पुढे ठेवतात. याला सपाट आणि रुंद जागा लागते, शिवाय ती नेमक्या कडकपणाची असावी लागते. फार मऊ असेल तर कापड आत दबून वाकडं होतं. फार कडक असेल तर मागच्या शिवणीचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि चकाकतो.

आता गोधडी आठवा. जुनी लुगडी, धोतरं, चादरी जमिनीवर पसरायच्या, तळहाताने सुरकुत्या बाजूला सारायच्या आणि धावदोरा घालत जायचं. इथे तुकडे एकमेकांना कडेला कड लावून जोडलेले नसतात. ते खालच्या कापडावर ठेवून टाचले जातात. तुकडा अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तरी खालचं कापड सगळं सांभाळून घेतं. चूक साठत जात नाही. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका 'कवंद' नावाची गोधडी करतात. कडेपासून सुरुवात करून, तुकड्याची कड बोटाने आत दुमडत, फेर धरत मध्यापर्यंत येतात. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूवाल यांनी या कवंदांवर बरंच काम केलंय. त्या पद्धतीत दुमडलेली कड लगेच टाक्याखाली जाते, मग ती दाबून ठेवायला इस्त्री हवीच कशाला? आणि टाके घातल्यावर गोधडीच्या अंगावर ज्या बारीक सुरकुत्या उठतात त्या दोष नसतात. त्यांच्यात हवा धरून राहते, ऊब तिथूनच येते.

म्हणजे माझ्या वाक्यातलं 'कारण' चुकलं होतं. इस्त्री परवडत नव्हती हे अनेक घरांबाबत खरं असेलही, पण गोधडीला इस्त्री होत नसे ती गोधडीच्या रचनेमुळे. ज्या घरात इस्त्री होती तिथेही गोधडी तिच्याखाली गेली नाही. गरिबीचं कारण फार पटकन हाताशी येतं आणि ते लावलं की शोध संपल्यासारखा वाटतो. हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीये, माझ्या सिनॉप्सिसची दोन पानं त्यात गेली म्हणून सांगतोय.

मग प्रश्न उलटा करून पाहिला. गोधडीला इस्त्री लागत नाही, पण इस्त्रीला काय लागतं? आणि इस्त्री नव्हती तेव्हा लोक कापड सपाट कशावर करत होते?

अशा वस्तूंचं दप्तर नसतं. इस्त्रीखालच्या घोंगडीची नोंद कुणी मोडी कागदात करून ठेवत नाही. अशा वेळी मी सगळ्यात आधी कोश उघडतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात 'कुंदी' शब्द सापडतो. धुतलेलं कापड घडी करून लाकडी मोगरीने ठोकायचं, म्हणजे ते सपाट आणि तुळतुळीत होतं, ती कुंदी. त्याच शब्दाला मारझोड असाही अर्थ चिकटलेला आहे, यावरून ते काम किती दणकट असेल याचा अंदाज यावा. इथे उष्णता नाही, फक्त दाब आहे. आयर्लंडमध्ये लिननचं कापड लाकडी ठोकळ्यांनी असंच ठोकून चमकवत. कोरियात तर घरोघरी बायका दगडावर कापड ठेवून दोन लाकडी दांडक्यांनी तालात ठोकत बसायच्या. म्हणजे 'इस्त्रीचा पृष्ठभाग' इस्त्रीच्या आधीपासून होता: लाकडाचा ओंडका किंवा दगड.

'इस्त्री' शब्द पोर्तुगीज 'एस्तिरार' म्हणजे ताणणे, पसरणे यावरून आला असं कोशकार मानतात. इथे एक घसरण्याची जागा आहे. शब्द पोर्तुगीज म्हणून वस्तूही पोर्तुगीजांनीच आणली, असं लगेच लिहू नका. 'चावी' शब्दही पोर्तुगीज आहे, पण म्हणून त्याआधी महाराष्ट्रात कुलपं उघडत नव्हती असं थोडंच आहे! किल्ली होतीच. शब्दाच्या जन्मावरून संपर्क कळतो, वस्तूचा जन्म कळत नाही.

कोशानंतर गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ चा, पुण्याचा १८८५ चा. आजच्या नवी मुंबईचा मोठा भाग तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात येतो. पुण्याच्या खंडात जातवार वर्णनं आहेत आणि त्यांत घरातल्या वस्तू, कपडे, त्यांच्या किमतींचे अंदाजही आहेत. ते वाचताना लिहिणारा कोण, कुणाच्या घरात शिरून मोजतोय, हे विसरायचं नाही; पण परीट, शिंपी, सणगर यांच्या कामाबद्दल इतक्या एकत्र नोंदी दुसरीकडे सहज मिळत नाहीत.

आणि तिसरं साधन म्हणजे माणसं. आमच्या ओळखीतल्या वयस्कर आज्या-आजोबांना मी साधा प्रश्न विचारत गेलो: "तुमच्या लहानपणी शाळेचे कपडे कडक कसे करायचे?" दोन उत्तरं पुन्हापुन्हा आली. एक, पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरायचे, पदराने किंवा फडक्याने धरायचा आणि शर्टावर फिरवायचा. "खाली काय घ्यायचात?" यावर बहुतेक जण क्षणभर थांबायचे, कारण हे कुणी विचारलेलंच नसतं. मग उत्तर यायचं: गोधडी. जुनी, झिजलेली, घडी घातलेली. दुसरं उत्तर म्हणजे कपड्याची घडी घालून रात्री अंथरुणाखाली ठेवायची, सकाळपर्यंत इस्त्री तयार. खाली सतरंजी, वर गोधडी आणि तिच्यावर झोपलेलं पोर. अंगाची ऊब, घामाचा थोडा ओलावा आणि रात्रभराचा दाब.

रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे फार आवडलं, कारण शास्त्र तेच आहे. सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवलेल्या. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात, साखळ्या सरकू शकतात. मग दाबाखाली पाणी निघून गेलं की नव्या जागी पुन्हा बंध जुळतात. सुरकुती पडते ती अशीच आणि मोडते तीही अशीच. म्हणून इस्त्रीआधी पाणी शिंपडतात. नेहमीच्या प्रमाणित हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. पोराच्या पाठीखाली सुती शर्ट सपाट होतो. पॉलिस्टरला मुळात सुरकुतीच कमी पडते, पण एकदा गरम होऊन बसली की शिंपडलेल्या पाण्याला ती दाद देत नाही.

तर, गोधडीला इस्त्री लागली नाही, पण कितीतरी वर्षं गोधडीनेच कपड्यांना इस्त्री केली.

आता आईच्या निमुळत्या स्टँडकडे येऊ. त्याचा इतिहास शोधायला गेलात तर इंटरनेटवर ठिकठिकाणी एक वाक्य भेटेल: इस्त्रीच्या टेबलाचा शोध सारा बून या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने १८९२ साली लावला. वाक्य प्रेरणादायी आहे आणि अर्धवट आहे. बून यांचा जन्म १८३२ चा, नॉर्थ कॅरोलायनात, गुलामगिरीच्या काळात. पुढे कनेक्टिकट राज्यात न्यू हेवनला येऊन त्या कपडे शिवू लागल्या. २६ एप्रिल १८९२ रोजी त्यांना मिळालेलं पेटंट क्रमांक ४७३६५३. पण इस्त्री-टेबलाची पेटंटं अमेरिकेत १८५८ पासून दिसतात. मग बून यांनी काय केलं? मूळ पेटंट उघडून बघाच. त्यांनी अरुंद, वक्र, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी फळी केली, ती बाह्यांसाठी आणि बायकांच्या अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांसाठी. बाही एका शिवणीवर बाहेरून वळते, दुसऱ्या शिवणीवर आतून. फळीच्या दोन कडा त्या दोन वळणांसारख्या आहेत. हे शिवणारीलाच सुचणारं आहे. 'पहिली' हा किताब देण्याच्या घाईत तिने नेमका कुठला प्रश्न सोडवला तेच हरवलं. माझ्या मते त्यात तिचा मान वाढत नाही, कमी होतो.

आणि इथेच आईचं म्हणणं मला उमगलं. निमुळती फळी शिवलेल्या, गोलाकार कपड्यासाठी आहे: बाही, कंबर, घेर. साडी, धोतर, उपरणं, चादर हे सगळे सपाट आयत. त्यांना फळी घुसवायला जागाच नाही. म्हणून आपल्याकडच्या इस्त्रीवाल्याचं टेबल बघा: रुंद, सपाट, जाड लाकडाचं, वर घोंगडी किंवा कांबळं, त्यावर चादर, कडेला घट्ट ताणून बांधलेली. बाहेरच्या देशांतल्या क्विल्ट करणाऱ्या बायका हल्ली तयार बोर्ड बाजूला ठेवून प्लायवूडवर सुती थर ताणून घरी जो पाट बनवतात, तो जवळजवळ हाच. जमवलेल्या लोकरीच्या जाड चटया तर त्या विकत घेतात. शर्ट-पँट आल्यावरही आपल्या इस्त्रीवाल्याने हे टेबल सोडलं नाही. बाही तो सपाटच दोन पदर करून दाबतो, म्हणून तर आपल्या शर्टाच्या बाहीवर ती धारदार घडी असते.

आमच्या बिल्डिंगखालच्या काकांकडे मी दोन संध्याकाळी बसलो. कोळशाची इस्त्री त्यांनी सोडलीय, आता विजेची. टेबलावरची चादर ते दर काही आठवड्यांनी बदलतात, खालचं कांबळं मात्र बदलत नाहीत. "बसलंय ते आता," म्हणाले. वर्षानुवर्षं दाबून लोकर जमून गेलीय, नव्या कांबळ्यावर म्हणे शर्टाची कॉलर नीट बसत नाही. मी हात लावून पाहिला. बुटाच्या तळव्याइतकं घट्ट, तरी किंचित दबणारं.

इतकं ऐकूनही मी घरी येऊन चूक केलीच. दोन फूट बाय तीन फूट, १८ मिलिमीटरचं प्लायवूड आणलं आणि त्यावर कपाटातलं एक मऊसूत ब्लँकेट ताणून ठोकलं, वर मांजरपाट. आईने तीन ठिपक्यांवर इस्त्री लावली. तीन ठिपके म्हणजे २०० अंशांपर्यंतची सुती कापडाची खूण, आणि साध्या इस्त्रीचं तापमान त्याच्याही वर चढून खाली येत असतं. पंधरा मिनिटांत पाटाच्या मधोमध पापडासारखा कडक, चकचकीत डाग. ब्लँकेट पॉलिस्टरचं होतं. पॉलिस्टर वितळतं २५५-२६० अंशांच्या आसपास, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून दाबाखाली चिकटू लागतं.

कापड कशाचं हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. एक धागा चिमट्यात धरून पेटवा. सूत जळतं तेव्हा जळक्या कागदाचा वास येतो आणि राखाडी राख उरते. लोकरीला जळक्या केसांचा वास, आणि ज्योत काढली की ती आपोआप विझते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. (तो मणी हाताला चिकटला तर चांगलंच भाजतं, म्हणून चिमटा म्हटलं.)

हे सगळं इतिहासात कुठे बसतं? ब्रिटनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा काढला १९४१ मध्ये, तो टेरिलीन. भारतात पॉलिस्टर धागा बनवायला सुरुवात झाली १९६० च्या दशकात, आणि त्या पहिल्या कारखान्यांपैकी एक, केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया, होता ठाणे-बेलापूर रस्त्यावर. त्यांचा धागा 'टेरीन' नावाने विकला जाई. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, त्याच्या आधीच हा पट्टा रसायनांचा होऊन गेला होता. ज्या शहरात मी सुती कापडाचा इतिहास शोधत फिरत होतो, त्याच्याच कडेला सुताची सद्दी संपवणारा धागा निघत होता! टेरिकॉटचा शर्ट आला, 'धुवा आणि घाला' आलं, अंथरुणाखाली कपडे ठेवणं कमी झालं. शिंप्याकडच्या चिंध्या बदलल्या आणि चिंध्या बदलल्या म्हणून गोधड्याही बदलल्या.

संशोधनाला बसणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. गोधडीवर तारीख नसते. पण एखाद्या थरात पॉलिस्टर सापडलं तर तो थर १९४१ च्या आधीचा असूच शकत नाही, आणि खेड्यातल्या घरात तो १९६० च्या दशकानंतरचाच असण्याची शक्यता दांडगी. जुन्या गोधडीवर नवे तुकडे लावत जातात, म्हणजे आतले थर जुने, वरचे नवे. उत्खननातल्या मातीच्या थरांसारखंच वाचायचं. उलट बाजू मात्र सिद्ध होत नाही: पॉलिस्टर नाही म्हणून गोधडी जुनीच, असं म्हणता येत नाही. सूत आजही आहे.

दुसरा पाट जमला. प्लायवूड घेताना एक पाहा: साध्या प्लायमध्ये बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकटा असतो. उष्णता आणि वाफ एकदम मिळाली की तो हळूहळू सुटतो, फॉर्मल्डिहाइडचा डोळ्यांना झोंबणारा वास येतो. पाण्याला टिकणाऱ्या प्लायमध्ये फिनॉलचा चिकटा असतो, तो जास्त तग धरतो. सनमायका लावलेलं तर घेऊच नका, फुगा येतो. त्यावर मी घोंगडीचा तुकडा टाकला, दख्खनी मेंढीच्या लोकरीचा. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, म्हणून आधी दोनदा भिजवून धुतला. त्यावर जुन्या सोलापुरी चादरीचे दोन थर, आणि सगळ्यात वर मांजरपाट, तोही धुऊन, नाहीतर त्यातली खळ करपून पिवळे डाग पडतात आणि पहिल्याच वाफेला कापड आटतं. मधून ताणत कोपऱ्यांकडे जायचं, चुका मागच्या बाजूला ठोकायच्या.

चादरीचे थर सुरुवातीला एकमेकांवर सरकत होते. मी डिंक शोधत होतो, तोवर आईने सुई घेतली आणि चादरींना कडेपासून धावदोरा घातला. म्हणजे पाटाखाली आता एक छोटी गोधडीच आहे.

सिनॉप्सिसमधलं वाक्य बदलून मी असं केलंय: 'गोधडी शिवताना इस्त्रीची गरज पडत नसे, मात्र घरगुती इस्त्रीसाठी आधार म्हणून जुनी गोधडी वापरली जाई, असं मुलाखतींतून दिसतं.' मॅडमनी यावेळी रेघ ओढली ती 'मुलाखतींतून'खाली. "किती? कुठल्या तालुक्यांतल्या? निखाऱ्याचा तांब्या सगळीकडे होता का?" उन्हाळ्यात जुन्नर आणि जतला जातोय. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न "खाली काय घ्यायचात?" हाच ठेवलाय.